संस्थेची वेबसाइट नवीन करायची वेळ आलीय हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की वाचनालयाची साइट 2011 ची आहे, कार्यकारिणीतले निम्मे म्हणतात नवीन करू आणि बाकीचे म्हणतात चालतंय ना, मग खर्च कशाला. मी शाळा, पतसंस्था, वाचनालयं अशा छोट्या संस्थांच्या साइटचंच काम करतो, म्हणून सांगतो, साइट जुनी दिसते हे कारण सगळ्यात शेवटी धरा. आधी ऑफिसात येणारे फोन बघा. वर्गणी किती, अनामत किती, सोमवारी उघडं असतं का, हे विचारायला दिवसभर फोन येत असतील आणि ही सगळी माहिती साइटवर आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर साइटचं काहीतरी चुकतंय.

खात्री करायला कमिटीबाहेरच्या एखाद्या सभासदाला, शक्यतो वयस्कर, त्यांच्याच मोबाइलवर साइट उघडून वर्गणी शोधायला सांगा आणि आपण शेजारी गप्प बसा, अजिबात मदत करायची नाही. एका वाचनालयात मी हे केलं तेव्हा एक काका आधी दोन बोटांनी पान मोठं करत बसले, मग 'सभासदत्व'वर चार वेळा बोट दाबलं तरी मेनू उघडेना, कारण तो माउस वर नेला की खाली उघडणारा मेनू होता आणि बोटाला तो दादच देत नव्हता. मग त्यांनी तळाचा फोन नंबर दाबला, तर तो फोटोत लिहिलेला, म्हणजे दाबून कॉल लागत नाही, शेवटी पावतीच्या मागे उतरवून घेतला. एवढं बघितल्यावर तिथल्या कमिटीत पुढे चर्चाच झाली नाही.

मराठी साइटची एक वेगळी तपासणी असते आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. साइटवरचा एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाका. मराठी नीट आलं तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, म्हणजे कुठल्याही फोनवर-कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या पद्धतीत. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला आला तर मजकूर शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. म्हणजे तुमच्या दुर्मिळ ग्रंथांची यादी गूगलवर मराठीत शोधून सापडणार नाही आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) ती वाचूच शकणार नाही, वाचनालयासाठी याहून वाईट काय असणार. इथे काम टाळू नका. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार बिघडतात, त्यामुळे मराठी चांगलं असलेल्या माणसाकडून तपासणी हवीच आणि तिचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

याउलट काही गोष्टींसाठी पूर्ण साइट पाडायची गरज नसते. ब्राउझर 'सुरक्षित नाही' म्हणतो (क्रोम 2018 पासून म्हणतंय) तर फक्त एसएसएल सर्टिफिकेट (साइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणारं प्रमाणपत्र) लागतं, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट मिळतं. फोटो गॅलरी फ्लॅश या जुन्या तंत्रात असेल तर ती 2020 संपलं तेव्हाच बंद पडली, तेवढीच नवीन करा. पण साइट आतून ज्यावर चालते ते पीएचपी (प्रोग्रामिंगची भाषा) जुन्या 5 च्या काळातलं असेल आणि नव्या आवृत्तीवर नेलं की साइटच मोडते असं डेव्हलपर म्हणत असेल तर मात्र नवीनच बांधा, कारण त्यातल्या शेवटच्या 5.6 आवृत्तीचे सुरक्षा अपडेटसुद्धा 2018 अखेर थांबलेत.

आणि पहिल्याच पानावर तीन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेची नोटीस असेल तर ती का बदलली नाही ते विचारा. क्लार्कना बदलता येत नाही, प्रत्येक ओळीसाठी साइट बनवणाऱ्याच्या मागे लागावं लागतं, असं असेल तर दोष साइटचा. बदलता येतं पण ते काम कोणाला दिलेलंच नाही, असं असेल तर नवी साइटही सहा महिन्यांत तशीच शिळी होणार, आधी माणूस नेमा.

नवीन करायचं ठरलंच तर कोटेशन मागवायच्या आधी डोमेन (साइटचा इंटरनेटवरचा पत्ता) कोणाच्या नावावर आहे ते बघा. बऱ्याचदा ते जुन्या डेव्हलपरच्या ईमेलवर असतं आणि तो फोन उचलत नाही, मग सगळं अडतं, ते संस्थेच्या नावावर करून घ्या. आणि जुन्या पानांचे पत्ते नवीन पानांवर रीडायरेक्ट करायचं, म्हणजे जुनी लिंक दाबली की आपोआप नवीन पान उघडेल, हे करारातच लिहून घ्या, नाहीतर लोकांनी सेव्ह केलेल्या आणि गूगलवर असलेल्या सगळ्या लिंक एका दिवसात मेल्या म्हणून समजा.