लंबक वळवळतोय? वरची पत्ती बघा

प्रश्न : काका, आजेसासऱ्यांनी घेतलेलं अ‍ॅन्सोनियाचं भिंतीवरचं घड्याळ गिरगावच्या चाळीत सत्तरेक वर्षं बिनतक्रार चाललं. आता आम्ही बोरिवलीला, बाराव्या मजल्यावर राहायला आलोय. टेंपोतून आल्यापासून लंबक सरळ झुलतच नाही. मासळीच्या शेपटीसारखा वळवळतो आणि दहा मिनिटांत घड्याळ थांबतं. एका दुकानदाराने आत सेलवालं मशिन बसवायला सांगितलं. शिवाय सासरे म्हणतात, ते लहान असताना घड्याळ स्टेशनवरच्या घड्याळाच्या ३९ मिनिटं मागेच असायचं. म्हणजे दोष जुनाच का?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : ताई, सेलवालं मशिन बसवू नका. तसं केलंत तर उरेल ती फक्त लाकडी पेटी.

मला सांगा, टेंपोत चढवताना लंबक काढून ठेवला होता का? बहुतेक नाहीच. मूव्हर्सची माणसं काचेला थर्माकोल लावतात, पण आत टांगलेल्या लंबकाकडे कोणाचंच लक्ष जात नाही. तो लटकतो एका पोलादी पत्तीवर. पत्ती जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीची. गिरगाव ते बोरिवलीचे खड्डे तिने सोसले, तर तिला दुमड पडणारच.

लंबक थांबवा आणि सोडून द्या. चकती मागच्या फळीला समांतर राहते का, की एका अंगाला तोंड फिरवते? फिरवत असेल तर पत्ती पिळलेली आहे. मग चकती काढा आणि खालच्या दारातून मोबाइलचा टॉर्च वर मारा. दुमड असेल तिथे उजेडाची एक आडवी रेघ चमकते.

ती पक्कडीने सरळ करत बसू नका. मी उमेदवारी करत असताना लालबागच्या एका घरचं घड्याळ असंच ‘सरळ’ करून दिलं होतं. चार दिवस छान चाललं, पाचव्या दिवशी पत्ती तुटली आणि चकती दाराची काच फोडून खाली आली. काच माझ्या पगारातून गेली. पत्ती नवीनच घ्या, जुनी नमुन्याला सोबत न्या आणि त्याच जाडीची मागा. जाड पत्ती टाकली तर झोका आखडतो आणि घड्याळ पुढे पळतं. तिला तेल लावू नका.

पत्ती ठीक निघाली, तर लंबकाच्या दांडीला ढकलणारी तार बघा. तिच्या टोकाला फासा असतो, दांडी त्यातून खाली जाते. डाव्या-उजव्या बाजूला पातळ कागद सरकेल एवढीच फट हवी. जास्त असेल तर दांडी खडखडते, नसेल तर अडकते. समोरून मागे पाहिलं तर दांडी फाशाच्या मधोमध हवी. घड्याळ पुढे कललं असेल तर ती टोकाला घासते, आणि वळवळ तिथूनही सुरू होते.

म्हणून भिंतीचंही बघा. टॉवरमधल्या पातळ पार्टिशनवर टांगलं असेल तर लंबकाबरोबर घड्याळही हलतं. कॉलमवर टांगा, खालच्या दोन्ही कोपऱ्यांना आधार द्या. मग डोळे मिटून आवाज ऐका. ‘टिक’ आणि ‘टॉक’मधलं अंतर सारखं हवं. लंगडत असेल तर पेटीचं खालचं टोक केसभर डावी-उजवीकडे सरकवा. लय जुळली की भिंतीवर पेन्सिलीची खूण करा. घरकामाच्या मावशी पुसताना हलवतातच.

नव्या पत्तीनंतर वेळ थोडी चुकेल. चकतीखालची चाकी फिरवून चकती वर घेतली की घड्याळ जोरात चालतं, खाली घेतली की सावकाश. अगदी थोडं फिरवा आणि एक दिवस थांबा. साधारण २५ सेंटिमीटरच्या लंबकात १ मिलिमीटर इकडेतिकडे झालं, तरी दिवसाला जवळपास ३ मिनिटांचा फरक पडतो.

आता ती ३९ मिनिटं. सासऱ्यांची आठवण बरोबर आहे, आणि तो दोष नव्हे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत १९५५ पर्यंत ‘बॉम्बे टाइम’ही चालायचा, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. आजेसासऱ्यांनी घड्याळ शहराच्या वेळेला लावलं होतं, रेल्वेच्या नव्हे. पत्ती बसली की एक दिवस सासऱ्यांसाठी तसंच लावून बघा. फक्त काटे पुढच्या दिशेनेच फिरवा आणि प्रत्येक टोला पूर्ण वाजू द्या.