पान अकरा परत पाठवते आहे

कऱ्हाडहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिलाय. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमींत रात्रीचे अकरा वाजतात. ‘नाटकात काम तरी करत असती, तर चारचौघांत सांगता आलं असतं. ही खुर्च्या हलवते आणि म्हणते, यातच करिअर करणार.’ सोबत तिच्या वहीतलं फाडलेलं अकरा नंबरचं पान, ‘पुरावा म्हणून’.

नमस्कार,

एम-थ्री सुटेल. मला खटकलं ते हे पान. मुलगी सुट्टीला घरी आली, तुम्ही तिच्या सॅकमधून वही काढली, पान फाडलं आणि अजून तिला सांगितलेलंही नाही. वीस वर्षांच्या मुलीचं पत्र कुणी असं उघडून वाचलं, तर त्याला आपण काय म्हणू?

पान मी नीट वाचलं. डावीकडे संवाद, उजवीकडे तिचं बारीक अक्षर. ‘आई वळते. दोन मोजायचे. ब्लॅकआउट.’ खाली, ‘खुर्ची: उजवा मागचा पाय रेडियम टेपवर.’ मग दोनदा अधोरेखित, ‘चष्मा स्टुलावरच!! खाली ठेवला की पायाखाली येतो.’ कोपऱ्यात चार तालमींच्या वेळा: ६४ मिनिटं, ६३, ६०, ५७. यात तुम्हाला फक्त खुर्च्या दिसल्या?

भूमिका मिळाली नाही की पोरं बॅकस्टेजला जातात, हा समज तुमचा एकट्याचा नाही, नाटकवाल्यांतही आहे. पण प्रयोग सुरू झाला की दिग्दर्शकाच्या हातात फारसं काही उरत नाही. तिसरी घंटा द्यायची की नट अजून मेकअपला बसलाय म्हणून दोन मिनिटं थांबायचं, मधेच माइक गेला तर काय करायचं, हे विंगेतून ठरतं. परदेशी रंगभूमीवर हे काम स्टेज मॅनेजरचं. तिथे दिवेही त्याच्या इशाऱ्यावर बदलतात. आपल्याकडे ते विभागलेलं असतं. तारखा आणि हिशेब व्यवस्थापकाकडे, विंगेतलं बॅकस्टेजवाल्यांकडे. म्हणून तर चारचौघांत सांगायला त्याला धड नाव नाही.

पैशांचं मात्र तुमचं खरं आहे. व्यावसायिक नाटकात बॅकस्टेजला नाईट, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, मिळते. प्रयोग नाही, तर नाईटही नाही. निव्वळ त्यावर पुण्यात खोलीचं भाडं भरणं कठीण. मुंबईच्या एनसीपीएसारखी मोठी नाट्यगृहं आणि इव्हेंटवाले यांना मात्र हेच काम येणारी माणसं लागतात, आणि तिथे ध्वनी-प्रकाशाची यंत्रणा समजणारी इंजिनिअर मुलगी मागे पडणार नाही. पदवीनंतर दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी) किंवा पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, हे रस्ते आहेतच. एनएसडीला पदवी लागते, म्हणजे पुन्हा एम-थ्री.

तिलाही सांगा, एका करंडकावर करिअर ठरत नाही. एखाद्या व्यावसायिक नाटकाबरोबर दौऱ्याला जाऊन बघावं. रात्री दोनला टेम्पोत सेट भरतानाही मजा आली, तर पुढचं बोलू. आणि पुढचं पत्र तिनं लिहावं, तुम्ही नाही.

पान सोबत परत पाठवते आहे. कुरिअर करू नका, स्वतः पुण्याला जाऊन तिच्या हातात द्या. मुक्कामाला राहिलात, तर तालीमही बघता येईल.