170 स्पीडचं कार्ड घेऊ का?

प्रश्न : घरात माझा अँड्रॉइड फोन, मुलीचा टॅब आणि मिस्टरांचा 2007 सालचा डिजिटल कॅमेरा आहे. तिन्हीला मिळून 128 जीबीचं एकच कार्ड घ्यावं म्हणतोय. दुकानदार म्हणतो 170 स्पीडचं घ्या, डोळे झाकून. घेऊ का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, डोळे झाकून नको, उलट चष्मा लावून घ्या, कारण कामाचं सगळं कार्डावर बारीक छापलेलं असतंय आणि 170 तेवढं ठळक. ते 170 म्हणजे कार्डातनं सेकंदाला 170 एमबी डेटा वाचायचा स्पीड, तोही जास्तीत जास्त, आणि सहसा त्याच कंपनीच्या रीडरमधनं. यूएचएस-वन म्हणजे कार्ड आणि फोनमधली डेटा ने-आण करायची साधी पद्धत, अशा कार्डाची ठरलेली मर्यादा सेकंदाला 104 एमबी आहे, त्यामुळं तुमच्या फोनात तो आकडा बहुतेक दिसणारच नाही, मग त्याचे पैसे कशाला मोजायचे?

आणि एकच कार्ड तिन्हीकडं फिरवायचं काय मला पटत नाही. 32 जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी, त्यावरची 2 टीबीपर्यंत एसडीएक्ससी, आणि हा दुसरा प्रकार आला 2009 ला, म्हणजे मिस्टरांच्या कॅमेऱ्यानंतर. त्यात 128 जीबी घातलं तर बहुतेक एरर येणार, नायतर फॉर्मॅट मागणार आणि घाईत 'ओके' दाबलं की टॅबमधनं कार्डावर ठेवलेलं सगळं गेलं! कॅमेऱ्याला वेगळं 32 जीबी घ्या, पण आधी त्याच्यावर एसडीएचसीची खूण आहे का बघा, नुसतं एसडी लिहिलेलं असेल तर 2 जीबीच्या वर जाऊ नका.

फोन-टॅबला नुसते फोटो, गाणी, अभ्यासाचे व्हिडिओ ठेवायचे असतील तर क्लास 10 चं (लिहायचा स्पीड सेकंदाला किमान 10 एमबी) कुठल्याही चांगल्या कंपनीचं कार्ड चालतंय. अॅप पण कार्डावर टाकणार असाल तर ए1 लिहिलेलं बघा, ती अॅप चालवायच्या स्पीडची खूण. ए2 त्याहून भारी, पण फोनचा सपोर्ट नसेल तर फरक पडत नाही. कार्ड घातल्यावर काही फोन विचारतात की हे इंटर्नल स्टोरेज म्हणून वापरू का, तिथं जरा थांबा. हो म्हटलं की कार्ड पुसलं जातं, वर ते त्याच फोनपुरतं लॉक होतं आणि उद्या फोन बंद पडला तर दुसरीकडं काही वाचता येत नाही. आणि हो, सिमचा ट्रे आधी काढून बघा. पुष्कळ फोनांत दुसरं सिम नायतर कार्ड, दोन्हीतलं एकच बसतंय, आणि नव्या बऱ्याच फोनांत तर जागाच नसते.

प्रश्न : ऑनलाइन 400 रुपयांत 1 टीबीचं कार्ड मिळालं. फोनात 1 टीबी दिसतंय पण जोतिबाच्या यात्रेतले निम्मे फोटो उघडत नाहीत, अर्धा फोटो गुलालाचा आणि खाली नुसता करडा पट्टा. काय करू? – एक वाचक, वडणगे

उत्तर : भावा, 400 रुपयांत 1 टीबी कोण देतंय रे! आत चिप असणार 16 नायतर 32 जीबीची, आणि कार्डातल्या कंट्रोलरला खोटं सांगायला शिकवलंय. खरी जागा संपली की काही कार्डं जुन्यावरच नवं लिहितात, काही नवीन डेटा नुसताच सोडून देतात, नाव मात्र यादीत दिसत राहतं. करड्या भागातला डेटा कार्डावर नाहीच, रिकव्हरीला पैसे घालवू नकोस. जे उघडतंय ते आजच कॉम्प्युटरवर काढून घे. मग विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते चालव, ते कार्ड काठोकाठ भरून परत वाचतं आणि खरी जागा सांगतं. वेळ लई लागतो, रात्री लावून झोप. तो रिपोर्ट जोडून पैसे परत माग. मी तर नवीन कुठलंही कार्ड, बिल असलं तरी, असं तपासल्याशिवाय वापरत नाही.

प्रश्न : लग्नाच्या शूटिंगला 4के रेकॉर्डिंग मधेच बंद पडतंय, कार्डावर तर 100 एमबी लिहिलंय. – एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : तुमचंही तेच, वाचायचा स्पीड बघून घेतलंय. रेकॉर्डिंगला लागतो लिहायचा, तोही न अडखळता. कॅमेऱ्याच्या मेनूत 100 एमबीपीएस असेल तर ते मेगाबिट, 8 नं भागा, सेकंदाला 12.5 एमबी झाले. क्लास 10 ची हमी 10 चीच, म्हणून अडकतंय. यू3 किंवा व्ही30 ही खूण असलेलं कार्ड घ्या, लिहायला सेकंदाला 30 एमबीची हमी मिळते. मेनूत 400 लावत असाल तर 50 एमबी लागणार, तिथं व्ही60, आणि कॅमेरा यूएचएस-टू (यूएचएस-वनच्या पुढची, जास्त वेगाची पद्धत) घेतो का ते आधी बघायचं. आणि लग्नात 256 च्या एका कार्डापेक्षा 64 ची चार बरी, एक गेलं तरी अक्षता दुसऱ्यात असतात.

प्रश्न : 64 जीबीचं कार्ड कॉम्प्युटरवर 59 च दाखवतंय. फसवलं का? – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : नाही ओ. कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते, विंडोज 1024 च्या. 59 च्या आसपास दिसणं बरोबरच आहे, पण खोटं कार्डही आकडा पूर्ण दाखवतं, म्हणून वर सांगितलेल्या एचटूटेस्टडब्ल्यूनं एकदा तपासा आणि मग बिनधास्त वापरा.