कर्ता पुरुष व्हायची घाई नको

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

बाबांच्या दिवसकार्याला आलेला जो तो तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणत होता, "आता घरातला कर्ता पुरुष तूच." त्यांची माया खरी, पण पंधराव्या वर्षी हे ओझं तुझं नाही. मिसरूड फुटलं, कंठ फुटला म्हणून पोरगा एका रात्रीत बाप होत नाही. आईला बाजारातून सामान आणून दे, धाकटीचा अभ्यास घे. एवढं पुष्कळ झालं.

शरीराचं मी सांगतो, कारण आता ते सांगायला बाबा नाहीत. या वयात उंची वर्षाला 8 ते 10 सेंटिमीटरही वाढते. मग स्नायू भरतात, रक्तातलं हिमोग्लोबिन वाढतं. मागच्या वर्षी शेवटी येणारा तू आज 800 मीटरला बारावीच्या पोरांना मागे टाकतोस, त्यामागे हेही आहे. झोपेत कधी वीर्य जाऊन कपडे ओले होतात, तो आजार नाही आणि पापही नाही. गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, कारण मांडीचा स्नायू तिथल्या कोवळ्या हाडाला ओढतो. दुखतंय तोवर उड्या आणि चढावरचं पळणं बंद. सूज राहिली तर डॉक्टरांकडे मी बरोबर येईन. पावडरचे डबे नकोत. अंडी, उसळ, शेंगदाणे खा आणि रात्री निदान 8 तास झोप.

परवा पहिला आलास, हसलास आणि लगेच तुझं तोंड उतरलं. बाबा गेलेत आणि मी हसतोय, असंच आलं ना मनात? अरे, हसलास यात काहीच चुकलं नाही.

लोक तुला सचिनचा दाखला देतात. 1999 च्या विश्वचषकात वडील गेले, तरी परत जाऊन त्यानं केनियाविरुद्ध नाबाद 140 धावा काढल्या. खरं आहे. पण तेव्हा तो 26 वर्षांचा होता आणि परत जा म्हणून आईनंच सांगितलं होतं. तुझ्याकडून असं काही कुणी मागू नये. प्रत्येक शर्यत बाबांना वाहायलाच हवी असं नाही. नुसत्या हौसेनंही पळ. दुसऱ्या फेरीत रडू आलं तर कडेला बस. मी घड्याळ थांबवीन, काही विचारणार नाही.

जिल्हा स्पर्धेत 17 वर्षांखालील गटात नाव द्यायचं की नाही, ते आईशी बोलून तू ठरव. द्यायचं असेल तर जन्मदाखल्याची झेरॉक्स आण. नसेल द्यायचं, तरी सरावाला येत जा.

तुझे सर