बर्मात पडलेल्या मामांचं नाव सिंगापूरला शोधा

प्रश्न: आईचे मामा दुसऱ्या महायुद्धात एअरफोर्समध्ये होते, बाँबर विमानात मागे गनर म्हणून बसायचे. १९४४ ला बर्मात विमान पडलं. घरात एक तार आणि युनिफॉर्ममधला फोटो, बाकी काही नाही. आईला त्यांची कबर बघायचीय. रंगूनच्या स्मारकाच्या यादीत नाव सापडलं नाही. आणि तिथीच माहीत नाही तर श्राद्ध कधी घालायचं? – एक वाचक, गिरगाव

उत्तर: रंगूनच्या यादीत नाही म्हणून हात टेकू नका. तिथली २७,००० च्या आसपास नावं मुख्यतः पायदळ वगैरे लष्करातल्यांची आहेत. विमानदलातल्या ज्यांची कबर सापडलीच नाही त्यांची नावं सिंगापूरला क्रांजीच्या स्मारकावर कोरलीयत, मग विमान बर्मात पडलेलं असो नाहीतर दक्षिण-पूर्व आशियात अजून कुठे. आपल्याकडची माणसं सिंगापूरला जातात, सेंटोसा करून परत येतात, आणि क्रांजीला तर मेट्रोने जाता येतं!

त्या वर्षी आपल्या ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रन बर्माच्या आघाडीवर व्हेन्जन्स विमानं उडवत होत्या. दोघांचंच विमान, पुढे पायलट आणि मागे गनर, आणि बाँब टाकायला ते जवळजवळ सरळ खाली सूर मारायचं, त्यात जंगलात पडलं की सापडणं मुश्कील. सापडले असतील तर मात्र रंगूनजवळच्या तौक्यानला कबर असू शकते, किंवा दहन झालं असेल तर तिथेच दहन झालेल्यांचं वेगळं स्मारक आहे त्यावर नाव.

तर आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत गेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, वेबसाईटवर शोधा, फुकट आहे. आडनावाची स्पेलिंगं सगळी टाकून बघा, साहेबाच्या क्लार्कने कुळकर्ण्यांचं काय केलं असेल सांगता येत नाही, आणि वडिलांचं नावच आडनाव म्हणून लागलेलं असू शकतं. तारेवर सर्व्हिस नंबर असेल तर निम्मं काम झालं. कधीकधी नोंदीत आईवडिलांची नावं आणि ‘बॉम्बे’ असंही असतं, त्यावरून खात्री होते.

म्यानमारची सध्याची परिस्थिती बघता आईंना तिकडे नेऊ नका, माझं स्पष्ट मत. त्यापेक्षा पुण्याला खडकीच्या वॉर सिमेट्रीत घेऊन जा. मामांचं नाव तिथे नसणार, पण याच कमिशनने राखलेल्या दीड हजारावर कबरी आहेत, ऑफिसर असो की साधा शिपाई, दगड एकाच मापाचा, त्यावर नंबर, हुद्दा, नाव, तारीख. मामांची कबर असलीच तर तीही साधारण अशीच, फक्त बर्मात बऱ्याच ठिकाणी उभ्या दगडाऐवजी जमिनीलगत छोटी पाटी असते.

श्राद्धाचं म्हणाल तर शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी पितृपक्षात भाद्रपद वद्य चतुर्दशी आहेच, घात चतुर्दशी म्हणतात ती. मृत्यूची तिथी माहीत नसली तरी चालते, गुरुजींना नुसतं युद्धात गेले एवढं सांगा.