सोसायटीच्या फळ्यावर रोज शब्द, दिनविशेष आणि सुविचार लिहायचं काम माझ्याकडे आलंय. लोक वाचतील असं काय लिहू? (नेरूळ)

आमच्याकडे ठाण्यात वर्तकनगरला लिफ्टसमोर असाच फळा आहे आणि सध्या तो माझ्या गळ्यात आहे. सुविचारापासून सुरुवात करू नका, एवढं आधी सांगते. दिनविशेष ठरवा, त्यातून शब्द काढा, आणि त्याला शोभेल अशी ओळ सापडलीच तर सुविचार लिहा. नाही सापडली तर जागा रिकामी राहू दे, कोणी विचारत नाही.

१२ नोव्हेंबरचं घ्या. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचा जन्म, मुंबई, १८९६. थंडीच्या तोंडावर आपल्या खाडीत फ्लेमिंगो उतरतात, म्हणून शब्द दिला ‘खाजण’. अर्थ मुद्दाम लिहिला नाही. पुढे रेघ मारली आणि खडू तिथेच ठेवला. संध्याकाळी बघते तर कोणीतरी ‘दलदल’ लिहिलेलं, आणि त्याखाली दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या तिरक्या अक्षरात ‘भरतीचं पाणी शिरतं ती खारी जमीन’. आजींचंच बरोबर. सुविचाराच्या जागी तुकोबा: ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें, पक्षी ही सुस्वरें आळविती’. पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो, पक्ष्यांपर्यंत फार जण येत नाहीत.

एका दिवशी एकच माणूस घ्या. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत टिळक गेले आणि त्याच दिवशी वाटेगावला अण्णा भाऊ साठे जन्मले. दोघांना एका ओळीत कोंबलं की दोघांवरही अन्याय होतो. मी अण्णा भाऊंना घेते. टिळकांसाठी २३ जुलै आहेच. शब्द ‘फड’: उसाचा, कुस्तीचा, तमाशाचा, हवा तो अर्थ लोक लिहितात.

तारखांवरून वाद होणार हे धरून चाला. शिवजयंती १९ फेब्रुवारीला लिहिली की तिथीवाले हमखास विचारतात. मी दोन्ही लिहिते: १९ फेब्रुवारी १६३०, फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१. न्यूटनचंही तसंच. कुठे २५ डिसेंबर १६४२, कुठे ४ जानेवारी १६४३. दोन्ही खरं, कारण इंग्लंडमध्ये तेव्हा जुनी दिनदर्शिका होती, नवी १७५२ साली आली.

सुविचारांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. सुप्रभातच्या चित्रांवर निम्मी वाक्यं आइनस्टाइनच्या नावावर खपतात. ‘तुमचं म्हणणं मला पटत नाही, पण ते मांडायच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राण देईन’ हे व्हॉल्तेअरचं म्हणून सगळीकडे फिरतं. ते एव्हलिन बीट्रिस हॉल या लेखिकेने १९०६ साली त्याच्याविषयीच्या पुस्तकात लिहिलं. व्हॉल्तेअर १७७८ मध्येच वारला होता. कुठे म्हटलं, कुठे लिहिलं हे सापडत नसेल तर ते वाक्य फळ्यावर नको. म्हणूनच अभंग, ओव्या, छापील भाषणं बरी.

तारखा मी मराठी विश्वकोशात ताडून बघते, नोंदीच्या सुरुवातीलाच जन्म-मृत्यू दिलेले असतात. शब्दांसाठी मोल्सवर्थ आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. दोन्ही नेटवर चाळता येतात. जुनी पुस्तकं हाताळायची तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ पासूनचं.

आणि जवळचे दिवस सोडू नका. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली रेल्वे ठाण्याला आली, हे आमच्याकडे फार चालतं. तुम्हाला नेरूळमध्ये १७ मार्च १९७० चालेल, सिडकोची स्थापना. त्या दिवशी तिथल्या मूळ गावांपैकी एखाद्या गावातला शब्द मागवा.

अक्षर दोन बोटं उंच ठेवा, एकूण चार-पाच ओळी. लिफ्ट येईपर्यंत तेवढंच वाचून होतं. अर्थाची रेघ खालच्या बाजूला मारा, म्हणजे पोरांचाही हात पोचेल. ती बाकीचं पुसतील, तेव्हा खडूबरोबर डस्टर ठेवू नका.