आवक क्रमांक घेतलात का?

प्रश्न : ताई, मी एसटीतून निवृत्त झालो, वय ६४. आमचा ज्येष्ठ नागरिक संघ नोंदणीकृत आहे. महापालिकेच्या प्रभाग समितीवर संस्थांचा प्रतिनिधी म्हणून माझं नाव द्यायचं घाटतंय. घरचे म्हणतात, चहा-बिस्किटांपलीकडे तिथे काही नसतं, सगळं नगरसेवक ठरवतात. जावं का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : दादा, जा. पण तिथे आपल्या हातात नेमकं काय असतं ते समजून घेऊन जा. मी ते न समजता गेले आणि माझं पहिलं वर्ष त्यात गेलं.

७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ला लागू झाली. तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असल्याच पाहिजेत, हे तिने घटनेत लिहिलं. आपल्या महापालिका अधिनियमात त्यासाठी कलम २९ अ आलं. समितीत त्या भागातले नगरसेवक आणि प्रभाग अधिकारी असतात, आणि जास्तीत जास्त तीन माणसं तुमच्या-माझ्यासारखी, म्हणजे तिथे काम करणाऱ्या संस्थांची. ही तीन माणसं त्याच भागातले मतदार असावी लागतात आणि त्यांना निवडतात नगरसेवक. समितीने पाणी, ड्रेनेज, कचरा, पावसाळी गटारं यांच्या तक्रारी लवकर सोडवायच्या, प्रभागाच्या खर्चाच्या अंदाजावर शिफारस करायची, आणि बजेटमध्ये तरतूद असेल तर पाच लाखांपर्यंतच्या कामाला स्वतःच मंजुरी द्यायची.

पाच लाख म्हणजे महापालिकेच्या हिशेबात काहीच नाही, असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. गल्लीच्या हिशेबात ते फार असतं. माझाच अनुभव सांगते.

आमच्या मंडईमागच्या गल्लीत ड्रेनेजची जुनी नऊ इंची लाइन होती. बैठ्या घरांच्या जागी इमारती आल्या, लाइन तीच राहिली. पावसाळ्यात चेंबरमधलं पाणी उलटं वर यायचं आणि तळमजल्यावरच्या बायका पहाटे उठून उंबऱ्याशी वीट-माती रचायच्या. समितीच्या पहिल्याच बैठकीत मी उभी राहिले आणि दहा मिनिटं बोलले. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. एक नगरसेविका म्हणाल्या, ‘अगदी बरोबर बोललात.’ कनिष्ठ अभियंता म्हणाले, ‘बघून घेतो.’ मी समाधानाने घरी आले.

पुढच्या महिन्यात मागच्या बैठकीचं इतिवृत्त, म्हणजे लेखी नोंद, कायम करायला (मंजुरीला) आलं. त्यात ओळ होती : ‘ड्रेनेजविषयी चर्चा झाली.’ गल्लीचं नाव नव्हतं, लाइन किती इंची ते नव्हतं, ‘बघून घेतो’ हेही नव्हतं. ते इतिवृत्त कायम करायला बाकीच्यांबरोबर मीही हात वर केला. अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं.

तिथल्या एका वयस्कर लिपिकबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘ताई, बैठकीच्या आधी पत्र द्या. खाली आवक खिडकीवर देऊन पत्र मिळाल्याचा आवक क्रमांक घ्या. आणि पत्रातच लिहा, हा विषय विषयपत्रिकेवर घ्यावा.’ मग मी तसं केलं. पत्रात गल्ली लिहिली, चेंबर किती आणि कुठून कुठपर्यंत ते लिहिलं, पाणी वर आलेल्या दिवसांच्या तारखा लिहिल्या. तारखा तळमजल्यावरच्या एका मुलीने शाळेच्या वहीत टिपून ठेवल्या होत्या. विषय क्रमांकासह पत्रिकेवर आला. आता अभियंत्यांना ‘बघून घेतो’ म्हणून भागेना, एस्टिमेट करावं लागलं. ते आलं चार लाख ऐंशी हजारांचं. ड्रेनेजच्या अर्थशीर्षाखाली, म्हणजे बजेटमधल्या त्या खात्यात, त्या वर्षी आमच्या प्रभागाला तरतूद शिल्लक होती, हे मी बजेटच्या पुस्तकात स्वतः शोधलं, कारण बैठकीत आधी ‘पैसे नाहीत’ असंच सांगितलं गेलं होतं. दुसऱ्या पावसाळ्याआधी बारा इंची लाइन पडली.

म्हणून म्हणते, दादा, भाषणाची तयारी कमी करा आणि कागदाची जास्त. एसटीत तुम्ही वेबिल, लॉगशीट, डेपोच्या नोंदी सांभाळल्या असतील, तीच सवय इथे कामाला येते. पत्रिका हातात आली की ‘आयत्या वेळचे विषय’ किती आहेत ते पाहा. ज्याची टिपणी, म्हणजे विषयाची लेखी माहिती, आधी कोणी वाचलेलीच नाही असा विषय त्या वाटेने आत येतो, तेव्हा निदान टिपणी मागा. ‘तहकूब’ म्हणजे पुढे ढकललं. पुढच्या पत्रिकेवर ते आलं की नाही हे बघणं आपलं काम. आणि ‘दफ्तरी दाखल’ हे शब्द ऐकू आले तर लगेच बोला. ऐकायला सन्मानाचे वाटतात, पण त्यांचा अर्थ विषय संपला, फाइल कपाटात. इतिवृत्त कायम होण्यापूर्वी वाचा. आपलं म्हणणं त्यात चुकलं असेल तर दुरुस्ती तिथेच, त्याच बैठकीत सुचवा.

एक गोष्ट मात्र मनाची तयारी करून जा. नगरसेवकांनी आपल्याला निवडलं म्हणजे आपण त्यांच्या उपकाराखाली, अशी अपेक्षा ठेवली जाते. कोणी तोंडावर बोलत नाही, पण विषय त्यांच्या माणसाच्या कंत्राटाचा निघाला की सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळतात. माझ्या मते या कायद्यातली सगळ्यात कच्ची जागा हीच आहे. संस्थांकडून जाहीरपणे अर्ज मागवावेत, कोणाला का घेतलं ते फलकावर लावावं. तसं होत नाही तोवर तुमच्या संघाने काय करावं? दर महिन्याला सभा घेऊन बैठकीत काय झालं ते तुमच्याकडून ऐकावं आणि पुढे काय मांडायचं ते ठरवून द्यावं. मागे शंभर ज्येष्ठ उभे आहेत हे दिसलं की त्या नजरांचा भार वाटत नाही.

आणखी एक. समितीचं आयुष्य महापालिकेच्या मुदतीएवढंच असतं. मुंबई, पुणे, नाशिकसारख्या शहरांत मार्च २०२२मध्ये मुदत संपली, प्रशासक आले आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६मध्ये. जवळजवळ चार वर्षं गल्लीतल्या माणसाला महिन्यातून एकदा तरी प्रश्न मांडायची ती जागाच नव्हती. आता ती मिळते आहे तर तुमच्यासारख्या माणसाने घरी बसू नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मावशी, मी एफवायबीएस्सीला आहे. आमच्या रस्त्यावरच्या जुन्या वडाला रुंदीकरणाची नोटीस लावली आहे. मैत्रिणी म्हणतात झाडाला मिठी मारून फोटो काढू. वृक्ष प्राधिकरण म्हणजे कोण? त्यांना माझं ऐकावं लागतं का?
– एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : बाळा, फोटो काढा, पण नोटिशीचा आधी काढ, तारीख स्वच्छ दिसेल असा. हरकतीसाठी सात दिवस असतात आणि ते तुझ्या परीक्षेसाठी थांबत नाहीत.

वृक्ष प्राधिकरण १९७५च्या कायद्याने आलं. अध्यक्ष महापालिका आयुक्त, सोबत नगरसेवक, आणि झाडांचं ज्ञान असलेले स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी. झाड तोडण्याआधी त्यावर नोटीस लावायची, वर्तमानपत्रात द्यायची, हरकती ऐकायच्या, हे कायद्यातच आहे. म्हणजे हो, तुझं ऐकावं लागतं. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं, आणि तोडलंच तर झाडाचं वय असेल तितकी नवी झाडं लावण्याची अट घातली. म्हणून तुझ्या हरकतीचा कणा वडाचं वय हा असू दे. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना घेऊन जा, छातीएवढ्या उंचीवर घेर मोजा, आसपासच्या आजोबा-आजींना विचार की त्यांच्या लहानपणी वड केवढा होता, आणि ते त्यांच्या सहीने घे. अर्जात ‘वड आमचा श्वास आहे’ एवढंच लिहू नकोस. रस्ता कुठे किती फूट आहे, झाड मध्ये ठेवून कडेने वळवता येतो का, याचा साधा नकाशा जोड. सुनावणीत अधिकारी बघतात तो नकाशा.

प्राधिकरणावरच्या तज्ज्ञांचं काय होतं, हे तुझ्या पिढीने माहीत करून घ्यायला हवं. मुंबईत ऑगस्ट २०१९मध्ये आरेतल्या मेट्रो कारशेडसाठी २,६४६ झाडं हटवण्याचा प्रस्ताव प्राधिकरणासमोर आला आणि मंजूर झाला. त्यानंतर दोन तज्ज्ञ सदस्यांनी राजीनामे दिले. मतदान नेमकं कशावर चाललं आहे, याबद्दल गोंधळ झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या, आणि ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. त्या तज्ज्ञांना मी दोष देत नाही. मी अशा टेबलाशी बसलेली आहे. विषय भराभर वाचले जातात, हात वर होतात, आणि ‘थांबा, मला समजलं नाही’ हे वाक्य घशात अडकतं. ते म्हणता आलं पाहिजे. तू उद्या वनस्पतिशास्त्र शिकून अशा प्राधिकरणावर जावंस, अशी माझी इच्छा आहे.

बैठकीचं इतिवृत्त तुला बघता येतं. माहितीच्या अधिकाराच्या २००५च्या कायद्यात कलम ४ आहे. आपल्याकडे कोणत्या समित्या आहेत, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त मिळतं का, हे प्रत्येक कार्यालयाने आपण होऊन जाहीर करायचं आहे. आधी वेबसाइटवर शोध. नसेल तर दहा रुपयांचा अर्ज कर आणि त्यात हे कलम लिही.

प्रश्न : माझ्या सासूबाई ३० वर्षं स्टेशनबाहेर भाजी विकतात. आता ‘पथविक्रेता समिती’ची निवडणूक आहे म्हणतात. भाजीवाल्यांची कसली निवडणूक? आम्हाला त्यात काय मिळणार?
– एक सून, कल्याण

उत्तर : ताई, सासूबाईंना जरूर सांगा, ही त्यांचीच समिती आहे. २०१४च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनी फेरीवाल्यांतून निवडायचे असतात आणि त्यांत एक तृतीयांश बायका असाव्याच लागतात. शहराच्या कोणत्याही समितीत एवढा वाटा मी पाहिलेला नाही. कुठे बसायचं, कुठे नाही, बाजाराच्या जागा कशा आखायच्या, हे या समितीला विचारून ठरवायचं आहे. फेरीवाल्यांची पाहणी पूर्ण होऊन विक्रीची प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवायचं नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मुंबईतल्या फेरीवाल्यांना स्वतःचे प्रतिनिधी निवडायला ऑगस्ट २०२४ उजाडला. म्हणजे कायद्यानंतर दहा वर्षं. ही वाट बघण्याची किंमत आपला माल जप्तीच्या गाडीत भरला जाताना बघणाऱ्या बायकांनी दिली.

मत त्यालाच, ज्याचं नाव पाहणीच्या यादीत आहे. म्हणून आजच यादी बघा. सासूबाईंचं नाव आधार कार्डावर आहे तसंच आहे ना, माहेरचं तर लागलं नाही ना, जागा ‘स्टेशन परिसर’ अशी मोघम न लिहिता कोणत्या बाजूची ते लिहिलं आहे ना. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज दोन प्रतींत करा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.